‘सैराट’चे संगीत आणि त्याचे समीक्षात्मक स्वागत : एक सांस्कृतिक-ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाचे लेखन करताना संतसाहित्य, शाहिरी, नाट्यसंगीत यांचा विचार आवर्जून केला जातो. चित्रपटसंगीताचा विचार मात्र बहुधा आठवणींच्या आणि रसग्रहणाच्या पातळीवरच थांबतो. विशेषतः ज्या संगीतावर लोक नाचतात त्या संगीताकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्यास विद्यापीठीय वर्तुळ अजूनही फारसे उत्सुक नसते. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘सैराट’ या चित्रपटाच्या संगीताने ही उदासीनता काही काळ तरी दूर केली. संगीतकार अजय-अतुल (अजय गोगावले व अतुल गोगावले) आणि दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या या अवघ्या चार गीतांच्या संचाविषयी वृत्तपत्रे, नियतकालिके, व्यासपीठे आणि चावड्या अशा सर्व ठिकाणी जेवढी चर्चा झाली, तेवढी अलीकडच्या काळात क्वचितच दुसऱ्या मराठी गीतसंचाविषयी झाली असेल.

प्रस्तुत लेखात या चर्चेचा, म्हणजे ‘सैराट’च्या संगीताचे स्वागत कसे झाले, त्यावर कोणते आक्षेप घेतले गेले आणि ते आक्षेप इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतात, याचा विचार केला आहे. सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने या विषयाला वेगळे महत्त्व आहे. मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे; चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण करमाळा परिसरातील; नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. उजनीचे पाणी, उसाचे फड, विहिरी आणि कमलाभवानीचा परिसर हे या गीतांचे दृश्य अधिष्ठान आहे. जिल्ह्याची बोली आणि जिल्ह्याची भूमी इतक्या ठळकपणे लोकप्रिय संगीताशी जोडली गेल्याचे उदाहरण यापूर्वीचे सहजासहजी सापडत नाही.

पूर्वपीठिका

नाचाच्या संगीताकडे शिष्टवर्गाने नाक मुरडावे, ही गोष्ट सोलापूरला नवी नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच शहरात जन्मलेले शाहीर राम जोशी हे वैदिक ब्राह्मण कुटुंबातील. परंतु तमाशाच्या फडाची ओढ लागल्यामुळे त्यांना घर सोडावे लागले. पुढे त्यांनी पंढरपुरी संस्कृत विद्येचे अध्ययन केले, कीर्तने केली, तरीही लावणी सोडली नाही. आज त्यांच्या लावण्या अभ्यासक्रमात आहेत. ज्या समाजाने त्यांना घराबाहेर काढले त्याच समाजाने पुढे त्यांना ‘कवी’ म्हणून स्वीकारले, यात बराच काळ लोटला, एवढेच. माढा तालुक्यातील मोडनिंब हे आजही लावणी कलावंतांचे गाव म्हणून ओळखले जाते, पण त्या कलेचा उल्लेख जिल्ह्याच्या गौरवगाथेत किती वेळा होतो, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

अजय-अतुल यांची वाटचालही या दुहेरी दृष्टीच्या सावलीतच झाली. त्यांचे बालपण वडिलांच्या महसूल खात्यातील नोकरीमुळे पुणे जिल्ह्यातील निरनिराळ्या गावी गेले. एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांच्या स्वरांतील ‘विश्वविनायक’ (२००१) या ध्वनिफितीने त्यांना प्रथम मान्यता मिळवून दिली. संस्कृत स्तोत्रे आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांची सांगड त्यांनी तेव्हाच घातली होती. ‘अगं बाई अरेच्चा!’ (२००४) मधील मल्हारवारी सर्वत्र गाजली. ‘जत्रा’ (२००६) मधील ‘कोंबडी पळाली’ हे गीत मंगळवेढ्याशी नाते असलेल्या शिंदे घराण्यातील आनंद शिंदे यांनी वैशाली सामंत यांच्यासमवेत गायिले आणि ते लग्नाच्या प्रत्येक वरातीत जाऊन पोहोचले. तेच पुढे ‘अग्निपथ’ (२०१२) मध्ये हिंदी वेशात अवतरले. दुसरीकडे ‘जोगवा’ या चित्रपटासाठी त्यांना संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यातील एकाच गीतासाठी हरिहरन व श्रेया घोषाल यांनाही राष्ट्रीय पुरस्कार प्राप्त झाले. म्हणजे एकाच संगीतकार-जोडीला एका हाताने सन्मान आणि दुसऱ्या हाताने ‘वरातीचे संगीतकार’ अशी उपेक्षा, असा हा व्यवहार होता. दादा कोंडके यांच्या चित्रपटांना संगीत देणाऱ्या राम-लक्ष्मण या जोडीच्या वाट्यालाही पूर्वी हेच आले होते.

मंजुळे आणि अजय-अतुल यांचा संबंध ‘सैराट’पासूनच सुरू झाला असे नव्हे. ‘फँड्री’साठी या जोडीने एक स्वतंत्र गीत केले होते, परंतु ते प्रसिद्धीसाठी वापरले गेले, चित्रपटाचे पार्श्वसंगीत मात्र आलोकनंदा दासगुप्ता यांचे होते. ‘फँड्री’त गाणे चित्रपटाच्या बाहेर ठेवले गेले आणि ‘सैराट’मध्ये ते कथेच्या गाभ्यात आले. हा बदल पुढील वादाच्या मुळाशी आहे.

‘हॉलिवूड’ची चर्चा

‘सैराट’च्या संगीताविषयीची पहिली मोठी बातमी चालींविषयी नव्हती, ती ध्वनिमुद्रणाच्या स्थळाविषयी होती. गीतांसाठीचा पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिस येथील सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित झाला, आणि असे करणारा हा पहिला भारतीय चित्रपट असल्याचे सर्वत्र सांगितले गेले. हा स्टुडिओ म्हणजे पूर्वीच्या एमजीएम कंपनीचा संगीतमंच. ‘द विझर्ड ऑफ ओझ’ (१९३९) चे संगीत येथेच मुद्रित झाले होते. करमाळा तालुक्यातील प्रेमकथेसाठी तेथील वादकांनी व्हायोलिनवर गज फिरवावा, याचे मराठी वृत्तपत्रांना अप्रूप वाटणे स्वाभाविक होते. तथापि या अभिमानाच्या सुरात एक अडचण होती. संगीताचे मूल्य ते कोठे मुद्रित झाले यावरून ठरवले जाऊ लागले. हलगी, ढोलकी वाजवणाऱ्या हातांविषयी फारसे कोणी लिहिले नाही. सातासमुद्रापलीकडच्या वाद्यवृंदाविषयी मात्र भरभरून लिहिले गेले.

याच्या नेमका उलट आक्षेप चोखंदळ प्रेक्षकांकडून आला. ‘फँड्री’सारख्या काटेकोर वास्तववादी चित्रपटाच्या दिग्दर्शकाने ग्रामीण जीवनावर सिंफनीचा साज चढवावा हे विसंगत आहे, या संगीताने दारिद्र्य आणि जात यांचे खडबडीत वास्तव गुळगुळीत केले, असा या आक्षेपाचा आशय होता. वरवर पाहता तो रास्त वाटतो. परंतु त्यामागे एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की, सिंफनी ही परकी आणि हलगी ही आपली.

इतिहासाच्या आधारे हे गृहीतक तपासले असता ते टिकत नाही. मराठी बोलपटाच्या आरंभकाळातच केशवराव भोळे यांनी प्रभात कंपनीत पियानो, व्हायोलिन यांसारख्या वाद्यांचा नाट्यपूर्ण उपयोग केला होता. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाचे अंग दिले. अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना एकत्र आणणारा स्वतंत्र प्रयोगही केला. म्हणजे आपले आजोबा-पणजोबा ज्या चित्रपटगीतांना ‘आपली’ म्हणत आले, त्यांतील व्हायोलिनचे ताफे गोव्याच्या चर्चमधील संगीतशाळांतून आले होते. १९८० नंतर संश्लेषक यंत्रे आली, एकच माणूस यंत्राच्या पट्ट्यांवर साऱ्या वाद्यवृंदाचा भास निर्माण करू लागला आणि शंभर-शंभर वादकांची ध्वनिमुद्रणे ओसरली. ज्यांना जिवंत वाद्यवृंदच हवा होता त्यांना परदेशाची वाट धरावी लागली. अजय-अतुल ज्यांना आपले प्रेरणास्थान मानतात त्या इळयराजा यांनी २००५ मध्ये माणिक्कवाचकरांच्या ‘तिरुवाचकम्’ या तमिळ भक्तिकाव्यासाठी बुडापेस्टच्या वाद्यवृंदाचे साहाय्य घेतले होते. तमिळ भक्तिकाव्याला जे शोभते ते करमाळ्याच्या पोराच्या प्रेमाला शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या नकाराचे खरे कारण काय, याचा विचार करावयास हवा होता.

किंबहुना हा प्रश्न अधिक टोकदार आहे. भारतीय चित्रपटात भव्य वाद्यवृंद आजवर कोणासाठी वाजला? बंगल्यातील पियानोपाशी बसलेल्या नायकासाठी, काश्मीरच्या उतारावरील प्रेमिकांसाठी. मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबातील मुलगा विहिरीकडे धावत सुटतो, त्या धावण्यासाठी तो वाजला नव्हता. ‘याड लागलं’ मध्ये तो वाजतो. येथे वाद्यवृंद वास्तव झाकत नाही, तर ज्याच्या भावनेला आजवर एवढी जागा मिळाली नव्हती त्याला ती देतो. ‘वेड’ या शब्दाऐवजी ‘याड’ हा जिल्ह्याच्या तोंडचा उच्चार त्या भव्य स्वरमेळावर तसाच ठेवला आहे, प्रमाणभाषेत धुऊन घेतलेला नाही, ही बाब समीक्षेने पुरेशी लक्षात घेतली नाही. ‘आताच बया का बावरलं’ हे श्रेया घोषाल यांनी गायिलेले गीत आणि अजय गोगावले व चिन्मयी श्रीपाद यांचे ‘सैराट झालं जी’ यांबाबतही हेच म्हणता येते. या दुसऱ्या गीतातील ‘जी’ हे अक्षर तर शाहिराच्या मागे उभ्या राहणाऱ्या झीलकऱ्यांची आठवण करून देणारे आहे.

‘झिंगाट’ : नाच आणि त्यानंतर

सर्वाधिक लोकप्रियता आणि सर्वाधिक टीका ‘झिंगाट’ या गीताच्या वाट्याला आली. वरातीतील बँजो-बँड, डीजेच्या भिंती, ज्यांना आपल्याकडे सरसकट ‘डॉल्बी’ म्हटले जाते, आणि जयंत्या-मिरवणुकांतून तरुणांच्या अंगात भिनलेला ठेका यांतून हे गीत घडले. चित्रपटगृहात पडद्यासमोर जाऊन लोक नाचू लागल्याची वृत्ते गावोगावहून आली. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर येथे मागणीमुळे मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले. पन्नास कोटी रुपयांच्या उत्पन्नाचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला, त्यात या गीताचा वाटा मोठा होता यात शंका नाही.

टीका दोन बाजूंनी झाली. एका बाजूचे म्हणणे असे की, हे संगीत नव्हे, हा गोंगाट आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास बंदी असली तरी मिरवणुकांतील आवाजाचा त्रास वास्तव आहे, हे नाकारता येत नाही. पण तो दोष यंत्रणेचा आणि ती लावणाऱ्यांचा आहे, चालीचा नव्हे. या टीकेत आवाजाच्या तक्रारीआडून नाचणाऱ्यांच्या जातीविषयीची नाराजी किती वेळा बोलते, हे ऐकणाऱ्याला कळते.

दुसरी टीका अधिक गंभीर आहे आणि ती परिवर्तनवादी चळवळीच्या अंगाने केली जाते. हा चित्रपट आंतरजातीय प्रेमाच्या हत्येची कथा सांगतो, परंतु लोक ‘झिंगाट’वर नाचून घरी जातात, संगीताने आशय गिळला, असे ही टीका म्हणते. हिचा विचार टाळता येणार नाही. करमाळा तालुक्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे (तत्कालीन अहमदनगर जिल्हा) २८ एप्रिल २०१४ रोजी एका दलित विद्यार्थ्याची वरिष्ठ जातीतील मुलीशी बोलल्याच्या संशयावरून हत्या झाली होती. ‘सैराट’ त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी आणि एका दिवसाने प्रदर्शित झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातील आरोपींची निर्दोष मुक्तता झाली, तेव्हा ‘झिंगाट’ अजून वरातींत वाजतच होते. ज्या परिसरात हे घडले त्याच परिसरातील गाण्यावर सर्व जातींचे तरुण एकत्र नाचले, याला समतेची खूण म्हणावे की विस्मरणाची?

या प्रश्नाचे उत्तर गीताच्या चित्रपटातील स्थानात शोधावे लागते, आणि बहुतेक टीकाकारांनी नेमके तेच केलेले नाही. ‘झिंगाट’ हे पाटलांच्या घरच्या वाढदिवसाच्या समारंभात येते. आर्ची नाचते, परश्या नाचतो, सारा गाव नाचतो. नाचाच्या मांडवात जात काही क्षण दिसेनाशी होते. आणि लगेच, त्याच रात्री, दोघे पकडले जातात. समारंभ ज्यांचा, सत्ताही त्यांचीच, हे प्रेक्षकाला पुढच्याच प्रसंगात कळते. इतरांना तेथे नाचण्याची मुभा आहे, घरात येण्याची नाही. म्हणजे गीत आशय गिळत नाही, ते आशयाची पूर्वतयारी करते. याहून महत्त्वाची बाब ही की, चारही गीते चित्रपटाच्या पूर्वार्धात संपतात. दोघे हैदराबादला पोहोचल्यावर, झोपडपट्टीत संसार थाटल्यावर, पडद्यावर पुन्हा कोणी गात नाही. आणि अखेरीस, रक्तात भरलेली चिमुकली पावले उमटतात तेव्हा सारा ध्वनीच काढून घेतलेला आहे.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात याला एक पूर्वज आहे. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात पार्श्वसंगीत जाणीवपूर्वक वगळून केवळ नैसर्गिक ध्वनींचा उपयोग केला होता, आणि तोही एका मुलीच्या बंडाचीच कथा सांगत होता. तथापि ‘कुंकू’तील संयम आरंभापासून होता. ‘सैराट’मध्ये आधी भरभरून दिले जाते आणि मग काढून घेतले जाते. ज्याने पूर्वार्धात नाच केला त्यालाच शेवटची शांतता असह्य होते. गाणी साधी, विरळ, ‘वास्तववादी’ असती तर त्या शांततेला एवढे वजन आले नसते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिन महोत्सवात हा चित्रपट पाहणाऱ्या परदेशी प्रेक्षकाला ‘झिंगाट’च्या ठेक्यामागील वरात ठाऊक नसणार, शेवटची शांतता मात्र त्याला भाषांतरावाचून पोहोचते.

अर्थात याने मूळ टीका पूर्णतः निकालात निघत नाही. गाणे चित्रपटगृहातच राहत नाही. ते भ्रमणध्वनीत, वरातीत, स्नेहसंमेलनात जाते आणि तेथे त्याच्यापुढचा प्रसंग नसतो. २०१६ च्या उत्तरार्धात, मराठा मोर्चांच्या काळात, चित्रपटावरील चर्चा उघडपणे जातीय अंगाने गेली, या चित्रपटाने मुलींना ‘बिघडवले’ असे बोलले गेले. आणि हे बोलणारे आणि ‘झिंगाट’वर नाचणारे हे दोन वेगळे समूह होते असे मानण्यास आधार नाही.

रूपांतरांची कसोटी

गीत प्रसंगापासून तुटले म्हणजे काय होते, याचा पडताळा रूपांतरांनी दिला. ‘सैराट’वरून २०१७ मध्ये कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ हा चित्रपट निघाला, त्यातही रिंकू राजगुरू याच नायिका होत्या आणि चाली अजय-अतुल यांच्याच होत्या. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांत कन्नड ही घरची भाषा असल्याने हे रूपांतर येथे परके नव्हते.

हिंदी ‘धडक’ (२० जुलै २०१८) ची गोष्ट वेगळी. कथा उदयपूरला नेली गेली, जातीचा प्रश्न जवळजवळ पुसला गेला, आणि ‘झिंगाट’ अमिताभ भट्टाचार्य यांच्या हिंदी शब्दांत पुन्हा मुद्रित झाले; ‘याड लागलं’ची चालही नव्या शब्दांनी आली. संगीतकार तेच, ठेका तोच, गाणारेही तेच. तरीही मराठी श्रोत्यांनी या हिंदी गीतावर तीव्र नापसंती व्यक्त केली. तिला केवळ भाषाभिमान म्हणणे पुरेसे नाही. मूळ गीतातील शब्द जिल्ह्याच्या मातीतले होते, अंगाला लागलेली धूळ, उतावीळपणा आणि गावठी ऐट त्यांत होती; राजवाड्याच्या शहरात ती ऐट केवळ सजावट झाली. शिवाय मूळ चित्रपटात गाणाऱ्या मुलाला त्या मांडवात येण्याचाच अधिकार नव्हता, म्हणून त्याच्या बेभानपणाला धार होती. अधिकाराचा प्रश्न काढून टाकल्यावर उरले ते निव्वळ नृत्यगीत, जे ‘झिंगाट’ असल्याचा आरोप टीकाकार २०१६ पासून करीत होते.

मंजुळे आणि अजय-अतुल यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ या हिंदी चित्रपटासाठी पुन्हा एकत्र काम केले. तेथे वस्तीतील आंबेडकर जयंतीची मिरवणूकच पडद्यावर आली, डीजेसह आणि नाचासह; जो ठेका ‘सैराट’मध्ये पाटलांच्या मांडवात वाजला होता, तो आता ज्यांचा होता त्यांच्या रस्त्यावर वाजला.